पिंगळी खुराड्यात जात नाही

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिने हल्लीच चार कोंबड्या पाळल्यात. पाचवी कुणीतरी आणून दिली आणि ती पाचवी काही केल्या रात्री खुराड्यात जायला तयार नाही. "तुझ्याकडे झालं होतं ना असं? काय केलं होतंस गं?"

मी तिला पटकन उत्तर दिलं. अंधार पडल्यावर उचल, आत ठेव, आठवडाभर असं कर, शिकेल. दोन मिनिटांत फोन संपला. आणि मग भाकऱ्या थापता थापता वाटलं की आपण तिला अर्धंच सांगितलं. त्यातलं सोपं अर्धं. उरलेलं इथे लिहिते. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तर पिंगळी. ही माझ्या आईची कोंबडी.

आई संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहायची. बाबा गेल्यावरही तिथेच राहिली. तिच्याकडे दहा-बारा कोंबड्या असायच्या. २०२३च्या पावसाळ्यात गावात मानमोडी आली आणि आठवड्याभरात अंगण रिकामं झालं. (मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडीची मान वाकडी होते आणि बघता बघता जाते. लस असते, ज्यांनी पाळल्यात त्यांनी वेळेवर द्या, मागाहून हळहळून उपयोग नाही.) त्यातून ही एकटी वाचली. पिवळट तांबूस रंग, म्हणून पिंगळी.

जानेवारी २०२४मध्ये आई गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. सगळे म्हणाले पुण्यवान. तेरावं झालं, दादा डोंबिवलीला परत गेला, मी लांज्याकडे माझ्या घरी आले, आणि घराला कुलूप लागलं. पिंगळीला शेजारच्या काकू दाणे टाकत होत्या. एप्रिलमध्ये त्या मुलाकडे मुंबईला निघाल्या तेव्हा त्यांचा फोन आला. "अगो, तुझ्या आईची कोंबडी घेऊन जा. नायतर मी कुणाला तरी देऊन टाकते."

देऊन टाकते म्हणजे काय, ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको!

नवऱ्याने बाइकवरून आणली. कापडी पिशवीत बसवलेली, फक्त डोकं बाहेर. आईच्या घरातून मी आणलेल्या वस्तू म्हणजे दोन लुगडी, एक पितळी डबा आणि बाबांचा चष्मा. जिवंत अशी ही एकच.

आमच्याकडे तेव्हा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. खुराडं पडवीच्या टोकाला, चिऱ्याचं, वर कौलं, कंबरेएवढ्या उंचीचं. आत गुडघ्याच्या उंचीवर एक आडवा बांबू, खाली अंडी घालायच्या दोन टोपल्या, आणि पुढे फळीचं दार. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे ते. त्यात काही बदलायचं असतं हे कधी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तिन्हीसांजेला कोंबड्यांची जायची वेळ ज्यांनी बघितली नसेल त्यांनी एकदा बघावीच. कुणी हाक मारायला लागत नाही. उजेड मऊ व्हायला लागला की दिवसभर शेणकी उकरत फिरणाऱ्या एक एक करत अंगणात येतात, उगाचच इकडेतिकडे दोन-चार चोची मारतात, जणू आपल्याला काही घाई नाही. मग आमची तांबडी आधी आत जायची. ती सगळ्यांची मुकादम. तिच्यामागून बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी कोंबडा, मान ताठ करून, घरात कर्ता पुरुष शिरतो तसा.

पहिल्या संध्याकाळी हे सगळं पिंगळीने बाजूला उभं राहून बघितलं. सगळी आत गेल्यावर दाराशी आली. मान वाकडी करून एका डोळ्याने आत बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं. आतून तांबडीने एक फटका दिला असावा. पिंगळी मागे झाली, फडफडली आणि पडवीजवळच्या फणसावर जाऊन बसली. चांगली दहा-बारा फुटांवर.

"नवीन आहे. दोन दिवसांत शिकेल," मामी म्हणाल्या. (मामी म्हणजे माझ्या सासूबाई. नवीन वाचकांसाठी.)

दोन दिवसांचे चार झाले. रोज संध्याकाळी तेच. मग आम्ही मनावर घेतलं.

पहिला उपाय अर्थातच सगळ्यांत मूर्खपणाचा. मी, नवरा आणि मुलगा, तिघं मिळून तिला हाकलत खुराड्याकडे न्यायला लागलो. ती विहिरीकडे पळाली, तिथून गोठ्यामागे, तिथून शेजाऱ्यांच्या परसात. इकडे आत गेलेल्या कोंबड्यासुद्धा हा गोंधळ ऐकून बाहेर आल्या. आता सातही बाहेर, आठवी फणसावर! कोंबडं झाकायची म्हण आपण सगळेच येता-जाता वापरतो, पण झाकायला आधी ते हाताला लागावं लागतं. मामी पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "कोंबडीच्या मागे कधी धावतात? तिच्यावर काळोख पडू दे. मग ती कुठे जाते?"

दुसरा उपाय लाच. संध्याकाळी खुराड्याच्या आत तांदळाची कणी टाकली. पिंगळी आत गेली, कणी खाल्ली, बाहेर आली, फणसावर गेली. नवरा म्हणाला, "हुशार आहे. तुमच्या माहेरचीच."

तिसरा उपाय मामींचा, आणि जगभर कोंबड्या पाळणारे हेच करतात असं मागाहून कळलं. कोंबडीला रात्री फारसं दिसत नाही. दिवसा हाताला न लागणारी कोंबडी रात्री नुसती उचलून घेता येते, ती धडपडत नाही, फार तर कुरकुरते. म्हणून अंधार झाल्यावर उचलायची, खुराड्यात इतरांच्या शेजारी बांबूवर बसवायची, दार लावायचं. सकाळी तिथे जाग आली की तिला वाटतं आपण इथेच असतो. आठवडाभर असं केलं की आपली आपण जायला लागते.

मग मी रोज रात्री साडेआठला स्टूल, बॅटरी घेऊन फणसाखाली. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला हळूच काढायची, छातीशी घ्यायची आणि खुराड्याकडे न्यायची. गरम असते हो कोंबडी. आणि तिचं काळीज हाताला लागतं, भराभर. पण दहा-पंधरा पावलांत ती शांत व्हायची. खरं सांगते, दिवसातली ती दोन मिनिटं मला आवडायला लागली होती. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी रडले नव्हते. रडायला वेळ लागतो, आणि मला शाळा होती, दहावीचे पेपर तपासायचे होते, वर्षश्राद्धाआधी घराच्या कागदपत्रांचं बघायचं होतं. त्या दोन मिनिटांत मात्र काही करायचं नसायचं.

बारा रात्री असं केलं. तेराव्या संध्याकाळी पिंगळी फणसावर.

"बंदच करून ठेवू या," नवरा म्हणाला. हेही शास्त्र आहे. नवीन कोंबडी तीन-चार दिवस खुराड्यातच बंद ठेवली की जागा तिच्या डोक्यात बसते. पण आमचं खुराडं रात्रीपुरतं, दिवसभर सात जणींना आणि एका कोंबड्याला त्यात ठेवायचं म्हणजे एसटीच्या सीटवर पाच जणांनी बसण्यासारखं. तरी केलं. आत पाणी, दाणे ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडून बघितलं तर पिंगळी दाराजवळच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून. तुऱ्यावर रक्त. मानेवरची पिसं गेलेली.

मी तिला बाहेर काढलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. मुलगा घाबरला. त्याला वाटलं कोंबडी मेली.

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही म्हणून मी कोंबड्यांबद्दल मिळेल ते वाचत बसायचे. नॉर्वेत श्येल्डरुप एब नावाचा एक माणूस होऊन गेला. लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा छंद. त्याच्या लक्षात आलं की कोण कुणाला चोच मारू शकते याचा कळपात एक पक्का क्रम असतो. पहिली सगळ्यांना मारते, दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना, आणि शेवटची फक्त खाते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे मांडलं. इंग्रजीत हल्ली ऑफिसातल्या उतरंडीलासुद्धा जो शब्द वापरतात तो या कोंबड्यांवरून आलेला. नवीन कोंबडी आली की हा सगळा क्रम पुन्हा लावावा लागतो. आणि झोपायच्या दांडीवर तो सगळ्यांत जास्त दिसतो, कारण जागा ठरलेल्या असतात.

हेही वाचलं की आपली कोंबडी मुळात लाल रानकोंबड्याची वंशज, आणि पिवळे पाय मात्र तिने आपल्या सह्याद्रीत ओरडतो त्या राखी रानकोंबड्याकडून घेतले, असं २००८मध्ये जनुकांवरून सिद्ध झालंय. दोघेही रात्री झाडावरच झोपतात. म्हणजे पिंगळी काही जगावेगळं करत नव्हती. तिची पणजी जे करायची तेच करत होती.

पण फणसाला दार नसतं. मेच्या मध्यावर एका रात्री मोठा कलकलाट झाला. आम्ही बॅटऱ्या घेऊन धावलो. फणसाखाली शेपटीच्या पिसांचा हा ढीग. पिंगळी पडवीच्या कौलांवर, एकदम गप्प. रानमांजर असावं. बिबट्या असता तर ढीगही उरला नसता.

आणि पुढे मिरग येत होता. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. एकदा पाऊस सुरू झाला की कोकणात तो फांदीवरच्या कोंबडीला विचारत नाही. दुसरं म्हणजे मिरगाला आमच्याकडे कोंबडा कापायची रीत आहे. धाकटे भावोजी कुडाळहून आले होते, ते पिंगळीकडे बघून म्हणाले, "वहिनी, राहत नसेल तर मिरग आहेच." सगळे हसले. मीही हसले. पण रीतीप्रमाणे बघितलं तर ते बरोबरच होतं. न टिकणारी, धड अंडी न देणारी कोंबडी पावसाआधी भांड्यात जाते. मामींनीही शंभर वेळा तसं केलंय. आणि मी त्या घरची सून, कुठल्या तोंडाने सांगणार की ही कापायची नाही, ही माझ्या आईची आहे?

मामी मात्र हसल्या नाहीत. रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "तू तिला रोज उचलून आत टाकतेस. आत काय आहे ते कधी बघितलंस?"

"काय असणार आत? खुराडं."

"बघ तरी."

दुसऱ्या रात्री दहा वाजता मी बॅटरी घेऊन दारातून अर्धी आत शिरले. दिवसा झाडायला मी कितीदा तरी शिरले असेन, रात्री कधीच नाही. बांबूवर तांबडी भिंतीकडच्या उबदार टोकाला. तिच्यानंतर चौघी चिकटून. सहावी, काळी, बांबूवर जागा नसल्याने टोपलीच्या काठावर. म्हणजे सहा जणींनाच जागा पुरत नव्हती तर सातवी बसणार कुठे? (कोंबडीमागे निदान वीतभर दांडी लागते. मोजून बघा.) मी बांबूला हात लावला आणि हाताला काहीतरी चुरचुरायला लागलं. बॅटरी जवळ नेली. मोहरीहून बारीक, लाल, हलणारे ठिपके. माझ्या मनगटावर, बांबूच्या पेरांत, चिऱ्यांच्या फटीत, शेकड्यांनी. पदराने बांबूची खालची बाजू पुसली तर पांढऱ्या काठावर रक्ताच्या रेघा.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेड माइट. हे किडे दिवसा फटीत लपून राहतात. रात्री कोंबड्या झोपल्या की बाहेर येतात, रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून दिवसा झाडणाऱ्याला ते दिसतच नाहीत. त्यांनी विचारलं, "अंडी कमी झालीत का? तुरे फिके पडलेत का?" दोन्ही झालं होतं. आम्ही म्हणत होतो उन्हाळा आहे.

म्हणजे आमच्या सहा कोंबड्या रात्र रात्र किडे चावून घेत होत्या आणि रोज संध्याकाळी शहाण्यासारख्या रांगेत त्याच खुराड्यात जात होत्या. त्यांना सवय झाली होती. जी बाहेरून आली, जिला सवय नव्हती, ती एकटीच नको म्हणत होती. आणि आम्ही दीड महिना तिला हट्टी म्हणत होतो.

पुढचे दोन दिवस घरात दिवाळीआधीची साफसफाई असावी तसं चाललं होतं. भावोजींनीच पुढाकार घेतला. (भावोजी, चेष्टा केलीत त्याची भरपाई झाली हं.) टोपल्या जाळून टाकल्या. जुना बांबूही जाळला, कारण त्याच्या पेरांत किडे ठासून भरलेले. फटींत उकळतं पाणी ओतलं, मग डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं, वाळल्यावर फटी बुजवून आतून चुना काढला. आठवड्याने पुन्हा फवारायचं, कारण उरलेल्या अंड्यांतून तेवढ्यात नवीन किडे निघतात, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मामींनी नव्या टोपल्यांत निरगुडीचा पाला घातला आणि अंगणात चुलीतल्या राखेचा ढीग केला. कोंबड्या दिवसभर त्यात लोळल्या. आणि आत आता एकाऐवजी दोन दांड्या, दोन्ही सारख्याच उंचीवर. एक उंच, एक खाली केली असती तर उंचीवरून भांडण लागलं असतं. भिंत कोरी, दांड्या कोऱ्या. तांबडीचीसुद्धा जागा गेली. सगळ्याच नवीन.

फवारलेलं नीट वाळेपर्यंत कोंबड्यांना दोन रात्री डालग्यांखाली पडवीत झोपवलं होतं. त्यांच्या त्या बारीक कुरकुरीत मला झोप लागेना. आणि तेव्हा आईची आठवण आली. वेगळीच.

बाबा गेल्यावर आम्ही आईला किती वेळा म्हटलं की एकटी राहू नकोस. दादाकडे ती दोनदा गेली, माझ्याकडे तीनदा आली. आठ दिवस झाले की पिशवी भरायला लागायची. दादा आणि मी फोनवर बोलायचो, हट्टी आहे, काय करणार. मी तिला न्यायला जायचे, बॅग उचलायचे, जवळजवळ ओढून आणायचे. आणली की माझं काम झालं.

आमच्याकडे संडास घरामागे आहे, मागच्या दारातून तीस-चाळीस पावलं, दोन पायऱ्या उतरून. रात्री काळोख. तेव्हा तिथे दिवा नव्हता. आई माझ्याकडे असायची तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायची नाही. जेवतानासुद्धा नाही. मी म्हणायचे, "आई, पाणी घे ना," तर म्हणायची, "नको गं, तहान नाही." तीन वेळा आली आणि तीनही वेळा असंच. मी ते बघितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. पण रात्री उठावं लागू नये म्हणून ही पाणी पीत नाही, हे त्या रात्री डालग्यांतली कुरकुर ऐकताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. ती कधी बोलली नाही. लेकीच्या सासरी असं काही बोलत नाहीत. आणि मी विचारलं नाही.

दादा, हे वाचून लगेच फोन करू नकोस. तुझ्याकडे काय होतं ते तूच आठव.

तर खुराडं झालं. जूनची ३ तारीख. संध्याकाळी सहा जणी नव्या दांड्यांवरून थोडं भांडून, थोडं ओरडून बसल्या. पिंगळी दाराशी आली, दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने आत बघितलं आणि... फणस.

मी हातच टेकले. शेवटी मुंबईला काकूंना फोन केला. म्हटलं, "आई हिला आत कशी घ्यायची? काही हाक मारायची का?"

"हाक कसली? ती पडवीतच झोपायची लाकडांवर. तुझी आई सांजेला पडवीतला दिवा लावायची नि खाली बसायची तांदूळ निवडत. दिवा लागला की ही यायची."

दिवा! आमचं खुराडं म्हणजे चिऱ्याचं भुयार. तिन्हीसांजेला अंगणात अजून उजेड असतो तेव्हा आत गच्च काळोख. ज्यांना सवय आहे त्या जातात. जिला रात्रीचं दिसत नाही तिने अनोळखी काळोखात पाय का टाकावा?

४ जूनला नवऱ्याने पडवीतून वायर ओढून खुराड्यात एक लहान बल्ब लावला. पिवळा, मंद. सूर्य मावळायच्या जरा आधी लावला. मी सूप घेऊन समोर पायरीवर बसले. आईसारखं करायला म्हणून नव्हे हो, खरंच तांदूळ निवडायचे होते. बाकीच्या आत गेल्या. पिंगळी दाराशी आली. उभी राहिली. बराच वेळ. मी मान वर केली नाही. आवाज आला तो पायांचा, चुन्याच्या जमिनीवर नख्या घासल्याचा. मग पंखांचा. मान वर केली तर ती पुढच्या दांडीवर काळीच्या शेजारी बसली होती. काळीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पिसांत तोंड खुपसलं. अर्ध्या तासाने बल्ब बंद केला. मामी आतून म्हणाल्या, "गेली?" मी म्हटलं, "गेली."

मिरगाला पाऊस आला. भावोजींनी बाजारातून चिकन आणलं.

बल्बची वायर ओढलीच होती, तेव्हा नवऱ्याने तीच पुढे नेऊन मागच्या दारी, संडासच्या वाटेवर एक दिवा लावला. मीच सांगितलं होतं. आई गेल्यावर पाच महिन्यांनी. कुणासाठी ते त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी चहा पिताना म्हणाल्या, "दिवा लावलास ते बरं केलंस. मला पण हल्ली रात्री दिसत नाही त्या पायऱ्यांवर."

मामी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षं त्या वाटेने रात्रीच्या जात होत्या.

मैत्रिणीला उद्या पुन्हा फोन करणार आहे. सांगणार आहे की अंधार पडल्यावर उचलून ठेव, तो उपाय खरा आहे, बहुतेक कोंबड्या त्यानेच शिकतात. पण त्याआधी एका रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन स्वतः आत डोकं घाल. दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवून बघ. जागा मोज. आणि संध्याकाळी सात वाजता दाराशी कोंबडीच्या उंचीवर वाकून बघ, आत काही दिसतं का.

पिंगळी अजून आहे. म्हातारी झालीय, अंडी जवळजवळ बंद झालीत, शेपूट काही पहिल्यासारखी आली नाही. बल्ब लागला की बाकीच्या आधी जातात, ही सगळ्यांत शेवटी, कोंबड्याच्याही नंतर. रोज दाराशी थांबते. एका डोळ्याने बघते, दुसऱ्या डोळ्याने बघते, आणि मग जाते. मी तिला घाई करत नाही.